फ्रेंच प्रेस : मापं, जाळी आणि तळचा गाळ

सातारा-सांगलीकडे घरी फ्रेंच प्रेस (कॉफीची पूड पाण्यात मुरवून जाळी लावलेल्या दांड्यानं खाली दाबायचं काचेचं भांडं) वापरणाऱ्यांनी आपले अनुभव इथं लिहावेत. 'मस्त होते' एवढ्यावर भागवू नका. ग्रॅम, मिली आणि बिघडली तर का बिघडली, ते हवं.

सदर बझार, सातारा
३० ग्रॅम पूड, ४५० मिली पाणी. भांडं आधी गरम पाण्यानं विसळायचं, नाहीतर थंडीत काचच निम्मी ऊब खाते. पुडीवर आधी ६०-७० मिली पाणी ओतून अर्धा मिनिट थांबायचं. भाजणी ताजी असेल तर पूड टम्म फुगते. तो आत अडकलेला कार्बन डायऑक्साइड. फुगलीच नाही तर बिया शिळ्या समजा. मग उरलेलं पाणी. चार मिनिटांनी वर आलेला थर चमच्यानं मोडायचा, फेस काढून टाकायचा आणि आणखी चार-पाच मिनिटं हात लावायचा नाही. दांडा तळापर्यंत रेटू नका, जाळी कॉफीत जेमतेम बुडाली की ओता.

विश्रामबाग, सांगली
सगळा खेळ दळण्याचा. दक्षिणी फिल्टरसाठी मिळणारी पूड बारीक असते आणि बहुतेक वेळा तिच्यात चिकोरी (भाजलेल्या मुळांची पूड). जाळी चोंदते, दांडा अडतो, आणि जोर लावला की कडेनं उकळती कॉफी हातावर. बिनचिकोरीच्या बिया आणून लापशी रव्याइतक्या जाड दळा. चक्की नसेल तर मिक्सर दोन-दोन सेकंद फिरवायचा, मध्ये भांडं हलवायचं. तरी थोडं पीठ होतंच. ते मैद्याच्या चाळणीनं काढा, कपातला चिखल निम्म्यावर येतो. हळद दळलेलं भांडं मात्र नको. (सांगलीत हे सांगावं लागतं.)

महाबळेश्वर
पाणी ९२ ते ९६ अंशांचं हवं. चढावर दर ३०० मीटरला उकळबिंदू साधारण एक अंशानं उतरतो. इथं साडेतेराशे मीटरवर पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं, तेव्हा गॅसवरून उतरवून थेट ओता. सांगलीकरांनी उकळी आल्यावर अर्धा-एक मिनिट थांबावं.

मिरज
सदर बझारवाल्यांचं न रेटणं मला पटत नाही. पूड जाड असेल तर सावकाश दाबल्यानं काही बिघडत नाही. मात्र दाबून झाल्यावर कॉफी प्रेसमध्ये ठेवू नये, अर्क उतरतच राहतो आणि दहा मिनिटांत कडू होते. सगळी एकदम थर्मासमध्ये काढा.

आता धुणं. दांड्याच्या टोकाचे आटे फिरवले की वरची स्प्रिंगची चकती, मधली जाळी आणि खालची भोकांची चकती सुटते. नुसतं नळाखाली धरलं तर जाळीत तेल राहतं आणि आठवड्यात खवट वास येतो. कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून पंधरा मिनिटं भिजवा. जोडताना जाळीची कड दुमडली तर तिथूनच गाळ वर येतो. काचेला सगळीकडे टेकते का, ते उजेडाला धरून बघा. चोथा बेसिनमध्ये टाकू नका, पाइप तुंबतो.

कराड
दूध घालणार असाल तर पाणी कमी करा : ३० ग्रॅमला ३०० मिली, मग १०० मिली गरम दूध. दूध प्रेसमध्ये पुडीबरोबर कधीच नको. जायफळही पुडीत नको, तळाशी चोथ्यात अडकतं. कपावर दोनदा किसणी फिरवा, पुरे. रिकाम्या प्रेसमध्ये दुधाचा फेसही होतो : भांडं तिसरा हिस्सा भरायचं, दूध ६० अंशांच्या आसपास, दांडा पंधरा-वीस वेळा भराभर वर-खाली. म्हशीचं दूध असेल तर साय आधी काढा, जाळीत बसते.

सांगली, गावभाग
मे महिन्यासाठी : ६० ग्रॅम जाड पूड, ५०० मिली गार पाणी, दांडा वर ठेवून फ्रीजमध्ये बारा-चौदा तास. सकाळी दाबून गाळायची आणि निम्मं पाणी किंवा बर्फ मिसळायचा. आंबटपणा, कडूपणा दोन्ही कमी लागतात.

वाई
एक राहिलं. कॉफीच्या तेलातलं कॅफेस्टॉल कागदी फिल्टर अडवतो, प्रेसची जाळी सोडून देते, आणि त्यानं एलडीएल (वाईट कोलेस्ट्रॉल) वाढतं. कोलेस्ट्रॉलची गोळी चालू असलेल्यांनी रोजचे तीन-चार कप प्रेसचे घेण्यापेक्षा तीच कॉफी कपात ओतताना कागदातून गाळावी.