नगरनियोजन की लोकप्रशासन? पदव्युत्तर शिक्षणाबाबत सल्ला हवा आहे

कृष्णाकाठची :
नमस्कार. मी सांगलीची. स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेऊन सध्या एका वास्तुविशारदांकडे बांधकाम परवानगीच्या फायली तयार करते. जमिनीचा ठरलेला वापर सांगणारा झोन दाखला आणि भाग नकाशा जोडताना निळी पूररेषा, म्हणजे नदीच्या पुराची आखलेली हद्द, कुठून जाते, हे आधी पाहावे लागते. त्या रेषेच्या आत गुंठेवारीत, म्हणजे मंजुरीशिवाय पाडलेल्या छोट्या भूखंडांवर, वसलेल्या घरांचे पुढे काय व्हावे, हा प्रश्न मात्र आमच्या अभ्यासक्रमात नव्हता आणि फायलीतही सुटत नाही. त्यासाठी पुढे शिकायचे आहे. पण नगरनियोजनात एम. प्लॅन. करावे की लोकप्रशासनात एम. ए., हे ठरत नाही. नोकरी शक्यतो याच भागातील नगरपालिकेत किंवा महापालिकेत करायची आहे. घरची परिस्थिती बेताची आहे, त्यामुळे दोन वर्षे पूर्णवेळ द्यायची तर निवड पक्की हवी.

निवृत्त नगररचनाकार :
माझे मत स्पष्ट आहे. आपल्याकडे अभियांत्रिकीची पदवी असल्याने आधी नियोजन शिकावे आणि प्रशासन त्याच्या जोडीने किंवा नंतर. नगररचना विभागातील नगर रचनाकारांची पदे लोकसेवा आयोगामार्फत भरली जातात आणि त्यांसाठी स्थापत्य, वास्तुशास्त्र किंवा नियोजनातील पदवी लागते, तेव्हा तेथे लोकप्रशासनातील एम. ए.चा उपयोग नाही. नगरपालिकेच्या मुख्याधिकारीपदासाठी राज्यसेवा परीक्षा द्यावी लागते आणि तिला कोणत्याही शाखेची पदवी चालते.

तरीही प्रशासन शिकू नका, असे मी म्हणणार नाही, कारण आराखडा जिथे अडतो ती जागा बहुधा प्रशासनाचीच असते. विकास आराखड्यात जमिनीच्या एखाद्या गटावर बागेचे आरक्षण टाकले की नकाशावर तो तुकडा हिरवा होतो, पण जमीन मालकाचीच राहते. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ नुसार, आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत ती जमीन संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत (रद्द) होते आणि बाग कागदावरून जाते. आरक्षण कुठे असावे हे नियोजनकार ठरवतो. पण अंदाजपत्रकात पैसा ठेवणे, मालकाला रोख मोबदल्याऐवजी टीडीआर (दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) घ्यायला राजी करणे, मुदत उलटण्याआधी प्रस्ताव स्थायी समितीपुढे नेणे ही सगळी कामे प्रशासनाची असतात. ही साखळी ज्याला सुरुवातीपासून शेवटपर्यंत दिसते, असा माणूस आपल्या महापालिकांना हवा आहे.

संस्थांपैकी पुण्याचे सीओईपी हे तंत्रज्ञान विद्यापीठ आपल्याला सर्वांत जवळ पडेल. नागपूरचे व्हीएनआयटी, आयआयटी खरगपूर आणि दिल्ली, भोपाळ व विजयवाडा येथील नियोजन व वास्तुशास्त्र विद्यालये यांचाही विचार करावा. अहमदाबादचे सेप्ट उत्तम आहे, परंतु खर्च पाहूनच अर्ज करावा.

मिरजेचा प्राध्यापक :
वरील सल्ला बहुतांशी मान्य आहे, पण प्रशासन ‘नंतर’ शिकावे, हे मला पटत नाही. सांगलीचेच उदाहरण घेऊ. कृष्णेवरील आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले. हे पाणी किती चढेल, हे शहराच्या आराखड्यावर ठरत नाही. कोयना आणि वारणेच्या धरणांतून विसर्ग कधी आणि किती करायचा, हा निर्णय जलसंपदा विभागाचा असतो, आणि कर्नाटकातील अलमट्टी धरणाच्या पाणीपातळीचा विषय तर थेट दुसऱ्या राज्याशी बोलण्याचा आहे. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, हे नियोजनाच्या वर्गात शिकवतील. पण रेषेच्या आतल्या कुटुंबाला कोणत्या कायद्याखाली, कोणाच्या निधीतून आणि कोणाच्या सहीने दुसरीकडे घर मिळेल, हे तिथे क्वचितच शिकवले जाते. २००१ चा गुंठेवारी अधिनियमही आपण याच दृष्टीने वाचावा. नियमित झालेले प्रत्येक घर महापालिकेकडे रस्ता, गटार आणि पाणी मागण्याचा हक्क घेऊन येते.

७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत १८ विषय आहेत आणि त्यांत पहिला नगर नियोजनाचा आहे. मात्र ते अधिकार शहराकडे किती सोपवायचे, हे राज्य ठरवते. यासाठी मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतील नागरी धोरण व प्रशासनाचा अभ्यासक्रम जरूर पाहावा. घर सोडणे शक्य नसेल, तर इग्नू या मुक्त विद्यापीठाचे लोकप्रशासनातील एम. ए. नोकरी सांभाळून करता येते.

कृष्णाकाठची :
दोघांचेही मनापासून आभार. नियोजनासाठी पूर्णवेळ प्रवेश घ्यावा आणि इग्नूचा अभ्यास आजच्या नोकरीतच सुरू करावा, असा विचार आहे. एम. प्लॅन.च्या प्रवेशासाठी गेट परीक्षेला स्थापत्यचा पेपर द्यावा की वास्तुशास्त्र व नियोजनाचा?

निवृत्त नगररचनाकार :
विचार योग्य आहे. वास्तुशास्त्र व नियोजनाच्या पेपरचा पहिला भाग सर्वांना समान असतो आणि दुसऱ्या भागात वास्तुशास्त्र किंवा नियोजन यांपैकी एक निवडता येते. आपण नियोजन निवडावे. काही संस्था स्थापत्यचे गुणही ग्राह्य धरतात, म्हणून अर्ज करण्यापूर्वी प्रत्येक संस्थेची पात्रता नीट वाचावी. परीक्षा फेब्रुवारीत असते, अर्ज त्याआधीच्या ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास सुरू होतात आणि गुण तीन वर्षे चालतात. त्यामुळे पैशांची जुळवाजुळव व्हायला एखादे वर्ष लागले, तरी केलेली तयारी वाया जाणार नाही.