लंगडत नाही म्हणून दुखत नाही असं नाही

"बोका आळशी झालाय, वय झालं" असं वाटत असेल, तर जरा थांबा. आमचा गुंड्याही असाच 'आळशी' झाला होता. साडेसात किलोचं धूड! आधी एका उडीत फ्रिजवर जायचा, मग फक्त ओट्यावर, मग खुर्चीवरून ओट्यावर, शेवटी खालीच बसून ओरडायला लागला. लंगडला एकदाही नाही. दुखणं लपवण्यात मांजरं पटाईत. कमरेकडचे केस चाटणं सोडलं आणि तिथे गुठळ्या झाल्या, तेव्हा आमची ट्यूब पेटली. एक्स-रेत दोन्ही गुडघे आणि खुबे झिजलेले.

सांध्यांवरचा भार कमी व्हावा म्हणून जाड बोक्याचं वजन उतरवा, पण उपाशी ठेवू नका. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस जेवलं नाही तर यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकतं. आठवड्याला वजनाच्या साधारण १ टक्का, म्हणजे सात किलोच्या बोक्याचे ७० ग्रॅम, बस. आम्ही वाटी भरून ठेवणं बंद केलं, कोरडा खाऊ काट्यावर मोजला. (सासूबाई चोरून देतात तो बोंबील कुठल्या काट्यावर मोजणार?) दहा महिन्यांत पावणेसहावर आला. चढ-उतर सोपी व्हावी म्हणून शी-शूच्या ट्रेची एक कड कापली, सोफ्याजवळ पाट ठेवला.

घरातली पॅरासिटामॉल मात्र चुकूनही देऊ नका, एका गोळीनेही मांजर जाऊ शकतं. आणि मागचा पाय अचानक उचलून धरला तर वाट न पाहता डॉक्टरकडे न्या. जाड मांजरांत गुडघ्याचा लिगामेंट (हाडं जोडून धरणारा पट्टा) तुटू शकतो.