विकेंद्रित शोध आणि उरलेली गळती

शोधयंत्र एका कंपनीच्या हातून सुटले की आपला शोध कोणालाच दिसत नाही, असे विकेंद्रित शोधयंत्रांबद्दल अनेकदा म्हटले जाते; ते मला पूर्णपणे पटत नाही. मिखाएल क्रिस्टेन यांनी २००३ मध्ये सुरू केलेल्या 'यासी' या मुक्तस्रोत यंत्रणेत शब्दसूची (कोणता शब्द कोणत्या पानावर आहे याची नोंद) अनेकांच्या संगणकांवर विखुरलेली असते आणि शोधशब्द हॅशच्या, म्हणजे ठरावीक सूत्राने शब्दापासून काढलेल्या सांकेतिक अक्षरमालेच्या, रूपात इतरांकडे जातो, त्यामुळे सर्वांचे शोध एकाच ठिकाणी साठत नाहीत, हे निश्चितच मोलाचे आहे. परंतु ज्याच्याकडे शब्दांची यादी आहे, तो प्रत्येक शब्दाचा हॅश आधीच काढून जुळणी करू शकतो. शिवाय ज्या संगणकाला आपण विचारतो, त्याला आपला आयपी पत्ताही (इंटरनेटवरील आपल्या जोडणीचा क्रमांक) दिसतो.

एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीने २००६ मध्ये सुमारे साडेसहा लाख वापरकर्त्यांचे शोध नावांऐवजी क्रमांक घालून प्रसिद्ध केले, तरी पत्रकारांनी केवळ त्या शोधांवरून एका महिलेची ओळख पटवली. बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील एखाद्या लहान वाडीचे नाव, जमिनीचा पहाणी उतारा आणि एखादा आजार, एवढे एकाच आयपी पत्त्यावरून मराठीत विचारले गेले, तर माणूस हुडकणे कितीसे अवघड राहील?

बेळगावात कोणी परिचितांसाठी सर्क्सएनजी बसवणार असेल (ती मोठ्या यंत्रांकडे आपल्या वतीने विचारणारी मध्यस्थ प्रणाली आहे), तर कोणी काय शोधले याच्या सर्व्हरवरील नोंदी प्रथम बंद कराव्यात. यासी वापरणाऱ्यांनी नेहमीची मराठी-कन्नड संकेतस्थळे स्वतः क्रॉल करून (त्यांची पाने यासीकडून वाचून घेऊन सूचीत टाकून) यासी रॉबिन्सन पद्धतीने, म्हणजे सूचीची देवाणघेवाण न करता, चालवावी. त्या सूचीतील शोध संगणकाबाहेर जात नाही.