व्याख्यान झाले, पुढे काय? चाळीत तंबाखू सोडणाऱ्यांना आधार देण्यासाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

लालबागमधील एका जुन्या चाळीच्या गणेशोत्सव मंडळाचा मी चिटणीस आहे. तंबाखू सोडू पाहणाऱ्या आमच्या रहिवाशांसाठी वर्षभर चालेल अशी काही व्यवस्था उभी करावी, असे मंडळाने ठरवले आहे. पण ती नेमकी कशी करावी यापाशी आम्ही अडलो आहोत, म्हणून हा धागा काढत आहे.

आमच्याकडे ही सवय आजची नाही. वडिलांची पिढी गिरणीत होती. खात्यात सगळीकडे कापूस असल्याने आगीच्या भीतीपोटी आत विडी पेटवायला सक्त मनाई असे, त्यामुळे पाळी निभावण्यासाठी कामगार तंबाखूला चुना लावून तो बार तोंडात धरत. गिरण्या गेल्या, चुन्याची डबी घरात राहिली. आजही संध्याकाळी गॅलरीच्या कठड्याला टेकलेला माणूस डाव्या तळहातावर चिमूटभर तंबाखू घेतो, नखाने चुना लावतो, अंगठ्याने मळतो, दोन थापा मारून भुकटी उडवतो आणि स्वतःच्या ओठाखाली ठेवण्याआधी तो तळहात शेजाऱ्यापुढे धरतो. पुढे आलेला तळहात नाकारणे म्हणजे माणसालाच नाकारणे, असे आमच्याकडे मानले जाते, आणि माझ्या मते सोडणाऱ्याची खरी अडचण तिथेच आहे.

गेल्या वर्षी ३१ मे रोजी, जागतिक तंबाखूविरोधी दिनी, आम्ही पटांगणात व्याख्यान ठेवले आणि कर्करोगाची चित्रे दाखवली. तेव्हा केलेली एक चूक आता लक्षात येते. आमच्या फलकांवर बहुतेक चित्रे सिगारेटची होती. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात तंबाखू ओढणारे प्रौढ ३.८ टक्के होते, तर तंबाखू, मशेरी, गुटखा अशा धूर नसलेल्या प्रकारांचे सेवन करणारे २४.४ टक्के. चाळीतले चित्र याहून वेगळे नाही, त्यामुळे समोर बसलेल्या कित्येकांना ते फलक आपल्यासाठी नाहीतच असे वाटले असणार.

व्याख्यान संपल्यावर तिघे जण बाजूला येऊन म्हणाले, "सोडायचे आहे, पण उद्या सकाळी करायचे काय?" माझ्याकडे उत्तर नव्हते. त्यांपैकी एका काकांनी दुसऱ्याच दिवशी डबी माझ्या हवाली केली. नऊ दिवस त्यांनी खरोखरच तोंडाला तंबाखू लावली नाही. झोप उडाली होती, घरात चिडचिड होत होती, तरी ते टिकले. दहाव्या दिवशी शेजारच्या चाळीत मयत झाली, स्मशानातून परतल्यावर जुन्या सोबत्याने मळून तळहात पुढे केला आणि काकांनी चिमूट उचलली. तेव्हापासून ते मला जिन्यात पाहिले की मान खाली घालतात. त्यांचे तंबाखू खाणे जितके लागते, त्याहून हे अधिक लागते, कारण आमच्या उपक्रमाने त्या माणसाला काही दिले नाही, उलट अपराधीपणाचे ओझे मात्र दिले.

म्हणून माझा पहिला प्रश्न हा आहे की, आपल्यापैकी कोणी वस्तीत, मंडळात किंवा कामगारांत सोडणाऱ्यांचा छोटा गट चालवला आहे का? किती दिवसांनी भेटावे, आणि घसरलेल्या माणसाला शरम न वाटता परत कसे बोलवावे?

दुसरा प्रश्न मशेरीचा आहे आणि तो मला अधिक अवघड वाटतो. भल्या पहाटे एखाद्या खोलीत तव्यावर तंबाखू भाजली जाते, तिचा खकाणा सगळ्या मजल्यावर पसरतो, कोणी खोकते, कोणी दार लावून घेते, आणि तरीही त्याविषयी कोणी चकार शब्द काढत नाही. आमच्या मावशी आणि काकू मशेरीला व्यसन मानतच नाहीत, तो त्यांच्या लेखी दात घासण्याचा प्रकार आहे. दिवसातून चार-पाच वेळा दात घासले जातात, एवढेच. पुरुषांच्या सभेत त्या येणार नाहीत आणि माझ्यासारख्याने त्यांना विचारणे बरे दिसणार नाही. माझ्या पत्नीने एकदा विषय काढला तेव्हा एक आजी म्हणाल्या, "मशेरी लावल्याशिवाय मला सकाळी पोट साफ होत नाही, ती सोडून मी करू काय?" यावर काय सांगावे, ते तिलाही सुचले नाही.

आणखी दोन गोष्टी थोडक्यात सांगतो. शाळेच्या फाटकापासून जेमतेम ३० पावलांवर टपरी आहे. २००३ च्या कायद्यानुसार शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत आणि १८ वर्षांखालील मुलांना तंबाखू विकता येत नाही, हे आम्हाला माहीत आहे. परंतु टपरीवाला आमच्याच चाळीतला आहे आणि तक्रार करण्याआधी त्याला दुसऱ्या मालावर वळवता आले, तर ते मला हवे आहे. दुसरे म्हणजे, यंदापासून पानमसाल्याच्या जाहिरातीच्या कमानी घ्यायच्या नाहीत असा ठराव आम्ही केला आहे. त्यामुळे जमाखर्चात मोठा खड्डा पडणार आहे. इतर मंडळांनी तो कसा भरला, हे कृपया कळवावे.

प्रतिसाद १

चिटणीस महोदय, मी पालिकेच्या दवाखान्यात अनेक वर्षे समुपदेशनाचे काम केले आहे, त्या अनुभवावरून लिहिते.

काकांचे नऊ दिवस वाया गेले असे समजू नका, आणि त्यांनाही तसे समजू देऊ नका. निकोटीन बंद झाल्यावरचा त्रास पहिल्या आठवड्यात सर्वाधिक असतो आणि तो टप्पा ते ओलांडून गेले होते. बहुतेकांना कायमचे सुटण्याआधी एकाहून अधिक प्रयत्न करावे लागतात. त्यांना भेटाल तेव्हा "पुन्हा का खाल्ली" हा प्रश्न टाळा, "नऊ दिवस कसे काढले" हे विचारा आणि ते उत्तर गटातल्या इतरांना त्यांच्याच तोंडून ऐकवा. पहिले दोन आठवडे रोज कोणीतरी दोन मिनिटे भेटावे, नंतर आठवड्याला एकदा पुरते. तलफ काही मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ हाताला आणि तोंडाला काम हवे. बडीशेप किंवा लवंग चालेल, सुपारी मात्र नको, कारण तिच्याने तोंड उघडणे कमी होत जाते आणि ती स्वतःच कर्करोगाला कारण ठरते.

१८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा राष्ट्रीय मोफत क्रमांक आहे आणि तो तंबाखूच्या पुडीवरच छापलेला असतो. निकोटीनचे गम घेणाऱ्यांना ते खाण्याची रीत आधी समजावून सांगा. साध्या च्युइंगगमसारखे भराभर चघळले तर उचकी लागते, जळजळ होते आणि माणूस दुसऱ्या दिवशी ते फेकून देतो. सावकाश चावावे, तोंडात झिणझिणले की गाल आणि हिरडीच्या मध्ये धरून ठेवावे, चव गेली की पुन्हा चावावे. त्याआधी पाव तास चहा घेऊ नये. ज्यांना हृदयाचा त्रास आहे किंवा ज्यांचे तोंड नीट उघडत नाही, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच काय ते ठरवावे.

त्या आजींचे म्हणणे मात्र खोटे समजू नका. निकोटीनमुळे आतड्यांची हालचाल वाढते, त्यामुळे मशेरी सोडल्यावर काही आठवडे बद्धकोष्ठ होऊ शकते आणि कित्येक बायका केवळ याच कारणाने परत तिच्याकडे वळतात. हे आधीच सांगितले, कोमट पाणी, पालेभाजी, भिजवलेल्या मनुका आणि गरज पडली तर इसबगोल सुचवले, की पुढचे बोलणे सोपे जाते. हा विषय हळदीकुंकवाला किंवा भिशीच्या दिवशी बाईनेच काढावा, आणि सुरुवात तोंडाच्या तपासणीने करावी. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तर लगेच दाखवायला सांगावे.

धागाकर्ता

ताई, मनापासून आभार. सुपारीचे मला ठाऊक नव्हते आणि आम्ही तर तिघांनाही सुपारीच्या पुड्या दिल्या होत्या, त्या आजच परत मागून घेतो. पोटाच्या तक्रारीचे पत्नीला वाचून दाखवले, ती उद्याच त्या आजींकडे जाणार आहे. काकांना मी तुम्ही सांगितला तोच प्रश्न विचारेन आणि त्यांची तयारी असेल, तर रविवारी गटाची पहिली भेट त्यांच्याच खोलीत घेऊ.

टपरी आणि कमानी यांविषयी कोणाचा अनुभव असल्यास अजूनही हवा आहे. वर्गणीची पावती पुस्तके छापायला जाण्यापूर्वी कळले, तर फार उपयोग होईल.