रंगावर जाऊ नका

वर कुणीतरी लिहिलंय की २०१९ची बारोलो, म्हणजे इटलीतली लाल वाईन, उघडली तर रंग फिका, चव तुरट, पैसे पाण्यात. रंगाचं सोडा. बारोलो नेबिओलो द्राक्षाची असते आणि त्याची वाईन तरुणपणीही फिकीच असते, ग्लासच्या पलीकडचं दिसतं. तुरटपणा मात्र जबर. कच्चं जांभूळ चावल्यासारखी जीभ धरते, हिरड्या कोरड्या पडतात. नियमाप्रमाणे बारोलो किमान ३८ महिने मुरवावी लागते, त्यातले १८ लाकडी पिंपात. तरी बाजारात येते तेव्हा अशी!

मी तुरटपणा किती यापेक्षा तो कसा आहे ते बघतो. बारीक, पिकलेला, की हिरव्या देठासारखा कडवट? हा कडवट तुरटपणा बाटली कितीही वर्षं ठेवा, हटत नाही. मग आंबटपणा: घोट गिळल्यावर तोंडाला पाणी सुटलं पाहिजे. आणि तुरटपणा ओसरल्यावर मागे चेरी, गुलाब रेंगाळतात का? रेंगाळत असतील तर उरलेल्या बाटल्या आडव्या करून विसरा. बारोलोच्या गावांपैकी सेर्रालुंगाकडची असेल तर दहा वर्षं तरी; ला मोर्रा गावची सहसा लवकर खुलते.

उघडलेली ओतून टाकली नाहीत ना? बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा, उद्या संध्याकाळी परत चाखा. सोबत मटण असू द्या, नुसती नको.