जळतणाची ट्रॉली: मापाने घ्यावी की वजनाने? रास्त भाव किती?

काळी_माती (दारव्हा तालुका)
पावसाळ्याचं जळतण भरायचं आहे. घरात पाच माणसं, स्वयंपाक नि आंघोळीचं पाणी चुलीवरच. दोन सौदे समोर आहेत. एक जण ट्रॉलीचे ४,५०० सांगून राहिला: बाभूळ, सुबाभूळ, कडुनिंब मिसळ, याच आठवड्यात तोडलेलं, ओंडके न फोडलेले. ट्रॉली आतून १० बाय ६ फूट, फाळके २ फूट. दुसऱ्याकडे वाळलेली, फोडलेली बाभूळ ४५० रुपये क्विंटल, काट्यावर मोजून. पहिला म्हणतो, "काट्यावर १३ क्विंटल भरन, मंग साडेतीनशेच पडते." खरं का हे?

आरागिरणी
१३ क्विंटल भरेल, त्यात तो खोटं बोलत नाही. पण ताज्या तोडीच्या लाकडात वजनाच्या ४० ते ५० टक्के पाणीच असतं. ४५ टक्के धरा: १३ क्विंटलमध्ये जवळपास ६ क्विंटल पाणी, कोरडं लाकूड सातच्या जरासं वर. चांगलं वाळल्यावरही १५ टक्के ओल राहते, म्हणजे हातात येईल साधारण ८.४ क्विंटल. ४,५०० भागिले ८.४ म्हणजे ५३५ रुपये क्विंटल. दुसरा ४५० ला देतो, तेही फोडून.

मापाकडूनही ताडून पाहा. १० × ६ × २ म्हणजे १२० घनफूट, पण वाकडेतिकडे ओंडके फेकून भरले की त्यात लाकूड जेमतेम ३५ ते ४० टक्के, बाकी पोकळी. ४२ ते ४८ घनफूट लाकूड, वाळल्यावर मिसळीचं वजन ८ ते साडेनऊ क्विंटल. दोन्ही हिशेब जुळतात. ८.४ ला ४५० ने ३,७८० होतात. त्यातून फोडणीची मजुरी नि वाळवायची दगदग वजा करून जे उरेल तेवढंच द्या. फोडणीचा भाव तुमच्या गावात विचारा, बाभळीच्या गाठी असल्या की मजूर जास्तच मागतो.

बंडीवाला
काट्यावर जाच, पण दोन्ही पावत्या घ्या जी. भरलेल्या वजनाला ड्रायव्हर नि दोन माणसं गाडीवर, रिकाम्याला तिघंही खाली, की दीड-दोनशे किलो गेले म्हणून समजा. मुळांसकट बुंधे असले तर माती झाडूनच चढवायला लावा, लाकडाच्या भावात माती काहून घ्यायची?

जातही पाहा. धावडा, बाभूळ वजनदार, निखारा टिकतो. सावर, सालई हलकी, भुरकन जळून जाते. हलकं लाकूड मापाने घेतलं की बुडालेच, वजनाने घेतलं तर फारसा फरक नाही. दुसऱ्याचं "वाळलेलं" खरंच वाळलेलं आहे का तेही तपासा. दोन तुकडे एकमेकांवर हाणा: टणटण वाजलं तर वाळलेलं, धप्प झालं तर ओलं. टोकाला मधातून चिरा गेलेल्या असाव्या, साल नखाने सुटावी. शंका असली तर एक फाटं चुलीत घाला. दुसऱ्या टोकाला फेस आला तर सौदा तिथंच थांबवा.

चूल_आणि_गॅस
वरची मर्यादा गॅस ठरवतो. १४.२ किलोच्या सिलिंडरमधून भांड्याला जेवढी उष्णता पोचते, तेवढ्यासाठी साध्या तीन दगडांच्या चुलीत सुमारे २ क्विंटल वाळलेलं लाकूड जातं, कारण तिथे भांड्याला १५ टक्केही उष्णता लागत नाही. सिलिंडर ९०० ला धरला तर क्विंटलला ४५० च्या वर देणं म्हणजे गॅसपेक्षा महाग स्वयंपाक, वरून धूर. म्हणजे ५३५ चा सौदा तसाही बाद. सुधारित चूल असेल तर लाकूड जवळपास निम्मं लागतं, मग ही मर्यादा बरीच वर सरकते.

तुराट्या घरच्या असतील तर पाणी तापवायला त्याच वापरा, विकतचं लाकूड स्वयंपाकाला ठेवा. पऱ्हाटीचे, म्हणजे कपाशीच्या वाळल्या झाडांचे, ढीग मात्र पावसाळ्यापर्यंत शेताजवळ रचून ठेवू नका, गुलाबी बोंडअळी त्यातच दडून राहते.

आरागिरणी
एक राहिलं. मिसळीत साग, खैर, मोह किंवा आंबा निघाला तर हात लावू नका. १९६४ च्या झाडतोड कायद्याच्या अनुसूचीत ही झाडं आहेत, परवानगीचा कागद नसेल तर स्वस्ताई महागात पडेल.

काळी_माती
आभार सगळ्यांचे. पहिला ३,२०० वर आला तर ओलं घेऊन पावसाआधी वाळेल का?

बंडीवाला
ओंडका तसाच ठेवला तर नाही, साल पाणी धरून ठेवते. मनगटाएवढं जाड नि दीड फूट लांब फोडा, खाली विटा घाला नाहीतर वाळवी लागते. एक थर आडवा, एक उभा, मधातून वारा खेळला पाहिजे. एप्रिल-मेच्या उन्हात पाच-सहा आठवडे धरा. मेच्या मध्यावर सौदा झाला तर वाळलेलंच घ्या भाऊ. आणि ताडपत्री फक्त वरून टाका, चारी बाजूंनी गुंडाळली की बुरशी धरते.