डबा कुठला लावायचा, खानावळीचा की प्रोटीनचा?

बांधावरून

परवा पुतण्याचा फोन आला. "काका, डब्याचे साडेपाच हजार पाठवा." मला वाटलं खानावळीचे पैसे थकले. पाठवणारच होतो, तेवढ्यात म्हणाला, "दोन किलोचा आहे, चॉकलेट फ्लेवर."

पोरगा पोलीस भरतीच्या तयारीसाठी तालुक्याच्या गावी एका अकॅडमीत राहतो. वय २१, वजन ६२ किलो. पहाटे साडेचारला ग्राउंडवर, संध्याकाळी परत. मैदानीचे ५० गुण : १६०० मीटरला २०, १०० मीटरला १५, गोळ्याला १५. अकॅडमीतल्या निम्म्या पोरांच्या उशाशी म्हणे असला डबा असतो, आणि नसेल तो मागे पडणार असं प्रत्येकाच्या डोक्यात.

माझं मत : याला पावडर लागत नाही. का ते सांगतो. खानावळीचं ताट मी मांडून बघितलं. दोन वेळच्या मिळून आठ चपात्या, दोन वेळचा भात, आमटी (तिच्यात डाळ शोधावी लागते), भाजी, सकाळी पोहे. पोटभर आहे, पण प्रोटीन धरून चाललं तर ५० ग्रॅमच्या आसपास. भारतीय शिफारस किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे बसून राहणाऱ्या ६२ किलोच्या माणसाला हे कसंबसं पुरतं. याच्यासारख्या राबणाऱ्याला ७५ ते १०० लागेल.

म्हणजे तूट आहे, हे कबूल. पण ती भरायला काय लागतं? दोन अंडी १२ ग्रॅम, अर्धा लिटर दूध १६, मूठभर शेंगदाणे ७, मोड आणायला ५० ग्रॅम कोरडी मटकी घेतली तर ११-१२. झाले ४६-४७. खर्च साठ रुपयांच्या आसपास. तेवढंच पावडरीतून घ्यायचं तर दोन स्कूप (डब्यातला मापाचा चमचा), एक स्कूप नव्वद रुपयांना पडतो. शेतकऱ्याच्या पोराने शेंगदाण्याच्या तिप्पट पैसे देऊन दुधाची निवळी का प्यायची, एवढंच कुणीतरी समजावून सांगा.

लोखंडवाला

सपशेल असहमत. निवळी शब्द बरोबर वापरलात, पण टोमणा म्हणून. व्हे म्हणजे खरोखरच चीज-पनीर करताना उरणारं पाणी, गाळून वाळवलेलं. त्यात घाबरण्यासारखं काय आहे? आपल्याकडे 'पावडर' म्हटलं की आईला इंजेक्शनं आठवतात आणि वडिलांना किडनी.

माझं वजन ८२, जन्मापासून शाकाहारी, अंडंही नाही. आठ वर्षं वजनं उचलतोय. २०१८ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये ४९ अभ्यासांचं एकत्र विश्लेषण आलं, १८६३ लोक होते त्यात. व्यायामाबरोबर प्रोटीन वाढवलं तर ताकद आणि स्नायू दोन्ही वाढतात, आणि हा फायदा किलोमागे साधारण १.६ ग्रॅमपर्यंत मिळत जातो. माझे होतात १३१ ग्रॅम. नुसत्या तुरीच्या डाळीतून घ्यायचे तर सहाशे ग्रॅम कोरडी डाळ शिजवावी लागेल. ती खाऊन दाखवा, मग पोट धरून ग्राउंडवर या. (हलकेच घ्या.)

दोन स्कूपमध्ये ४८ ग्रॅम आणि कॅलरी फक्त अडीचशे. तुमच्या म्हशीच्या अर्ध्या लिटर दुधातच साडेचारशे-पाचशे. वजन उतरवणाऱ्याला हा फरक मोठा आहे.

बांधावरून

माझा पुतण्या वजन उतरवत नाहीये हो, हाडं दिसतात त्याची. त्याला कॅलरी हव्याच आहेत. तुमचं उदाहरण तुमच्यासाठी बरोबर असेल. प्रश्न त्याचा आहे.

आणि तेच विश्लेषण मीही थोडं वाचलं. पूरक प्रोटीन घेणाऱ्यांचं स्नायूचं वजन न घेणाऱ्यांपेक्षा सरासरी किती जास्त वाढलं? ०.३ किलो. पाव किलो चिवड्याच्या पुडीएवढं. साडेपाच हजारात.

लोखंडवाला

सरासरीत आधीच भरपूर खाणारेही धरलेत, काका. ज्याच्या ताटात तूट आहे त्याला जास्तच मिळेल. आणि तूट आहे हे तुम्हीच लिहिलंय.

बांधावरून

तूट भरायला पावडरच हवी हे मात्र मी लिहिलेलं नाही.

गंगाकाठचा पैलवान

आमच्या वस्तादांच्या काळात कुठला आलाय डबा. दूध, तूप, मटण आणि कुंडीत घोटलेली बदामाची थंडाई. हजार-हजार जोर-बैठका मारायची माणसं. तांबड्या मातीतली ताकद प्लास्टिकच्या बरणीत नसती भावा. आताची पोरं आरशात दंड बघत्यात आन् कुस्तीत दोन मिनिटांत धापा टाकत्यात.

लोखंडवाला

पैलवान, तुमच्या थंडाईचा हिशोब मांडू? शंभर ग्रॅम बदाम, लिटरभर दूध : ५० ग्रॅमच्या वर प्रोटीन, तेही एका बैठकीत. म्हणजे तुमचे वस्ताद माझ्या दोन स्कूपपेक्षा जास्तच पूरक आहार घेत होते, फक्त त्याला खुराक म्हणत. आणि तो खुराक स्वस्त कधीच नव्हता. शाहू महाराजांनी पैलवानांचा खुराक दरबारातून चालवला तो उगाच नाही. ज्याला दरबार नव्हता त्याच्या बापाने पैलवानकीसाठी जमिनी विकल्याच्या गोष्टी तुमच्याच भागात घरोघरी ऐकायला मिळतात.

गंगाकाठचा पैलवान

ते खरं हाय. चुलत्यांची दीड एकर त्यातच गेली.

पर बदामात भेसळ नव्हती.

गावातला डॉक्टर

भेसळीवर आलातच तर लिहितो. मी तालुक्याच्या गावात प्रॅक्टिस करतो, महिन्याला चार-पाच मुलं तरी 'डॉक्टर, पावडर घेतो, किडनी तपासा' म्हणून येतात.

किडनीबद्दल आधी : धडधाकट किडनी असलेल्या तरुणाला किलोमागे दीड-पावणेदोन ग्रॅम प्रोटीनने इजा होते असं दाखवणारा भक्कम पुरावा नाही. ज्याला आधीच किडनीचा विकार, मधुमेह किंवा रक्तदाब आहे त्याने मात्र विचारल्याशिवाय वाढवू नये. क्रिएटिन (ताकदीसाठी पोरं घेतात ती दुसरी पावडर) चालू असताना रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीच्या तपासणीत बघतात तो आकडा, थोडं वाढलेलं येऊ शकतं, किडनी बिघडलेली नसतानाही. तपासणीला जाताना ते सांगत चला, नाहीतर माझ्यासारखा माणूस उगाच धसका घेतो.

माझी खरी काळजी डब्यात काय आहे याची. २०२४ मध्ये आपल्याकडच्या बाजारातल्या ३६ प्रोटीन पावडरींची तपासणी एका वैद्यकीय नियतकालिकात आली. सुमारे ७० टक्क्यांमध्ये लेबलवरचा प्रोटीनचा आकडा चुकीचा, १४ टक्क्यांत बुरशीचं विष म्हणजे अफ्लाटॉक्सिन, ८ टक्क्यांत कीटकनाशकांचे अंश. त्याच वर्षी मे महिन्यात हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने आहाराच्या १७ मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात शरीर कमावण्यासाठी प्रोटीन पावडरी टाळा असं स्पष्ट लिहिलं. वर घातलेली साखर, कृत्रिम गोडी, स्वाद, ही कारणंही दिली.

खेळाडू कोट्यातून उतरणाऱ्यांना आणखी एक : २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १३ देशांतले ६३४ पूरक पदार्थ तपासले. त्यातल्या ९४ मध्ये लेबलवर न लिहिलेली स्टिरॉइडच्या कुळातली द्रव्यं निघाली. उत्तेजक चाचणीत सापडलात तर 'मला माहीत नव्हतं' म्हणून सुटका होत नाही. शरीरात सापडलं की जबाबदारी तुमची.

लोखंडवाला

डॉक्टर, भेसळीशी सहमत, पण तो बाजाराचा दोष आहे, प्रोटीनचा नाही. दुधात युरिया सापडतो म्हणून दूध वाईट ठरवतो का आपण? बॅचची प्रयोगशाळेतली तपासणी जाहीर करणाऱ्या कंपन्या आहेत. थोडे पैसे जास्त, पण घ्यायचं तर तेच घ्या.

पोषण संस्थेच्या सूचना सर्वसाधारण जनतेसाठी आहेत. गंमत म्हणजे त्याच सूचनांमध्ये १.६ च्या पुढे फायदा नाही असंही लिहिलंय. म्हणजे १.६ पर्यंत आहे, हे त्यांनाही मान्य.

गावातला डॉक्टर

१.६ पर्यंत जा ना, कोण अडवतंय. वाटीतून जा.

पळता भुई

सगळे स्नायूंवरच बसलेत. अहो, पोराला १६०० मीटर पळायचंय! पुरुषांसाठी ते साडेपाच मिनिटांच्या आत काढलं तरच गुणांना अर्थ आहे. एवढ्या अंतरात काम करतात फुप्फुसं, हृदय आणि स्नायूत साठवलेली साखर. सकाळी पळून आल्यावर भात, चपाती, गूळ, केळी कमी पडली तर संध्याकाळचं ग्राउंड मेलं म्हणून समजा. मी दहा वर्षं हौशी पळतोय. माझ्या ओळखीत डबा घेऊन वेळ कमी झालेला एकही नाही. झोप वाढवून कमी झालेले तीन आहेत.

पळणाऱ्यांनाही किलोमागे १.२ च्या वर प्रोटीन हवंच, ते नाकारत नाही. पण ही पोरं भात बंद करून पावडर पितात तेव्हा कपाळावर हात मारावासा वाटतो.

अवांतर : व्यायाम संपल्यावर अर्ध्या तासाच्या आत प्यायलं नाही तर वाया जातं, हे त्यांना कोण शिकवतं? व्यायामानंतर स्नायू चोवीस तास तरी प्रोटीनला तयार असतात. दिवसाचा एकूण आकडा महत्त्वाचा. पोरं शेकर हलवत ग्राउंडवरून धावत सुटतात, जणू काही एसटी चुकणार आहे.

चेस्ट नंबर ४१२

मी भरती झालेली आहे, तीन वर्षांपूर्वी. मुलींना ८०० मीटर आणि ४ किलोचा गोळा. काकांचा हिशोब कागदावर बरोबर आहे, पण काका कधी अकॅडमीच्या खोलीत राहिलेत का, असं विचारावंसं वाटलं.

एका खोलीत आठ मुली. गॅस नाही, फ्रिज नाही, पाणी तापवायची कॉइल लावली तर मालक जप्त करतो. अर्धा लिटर दूध उन्हाळ्यात दुपारपर्यंत टिकत नाही. अंडी कुठे उकडणार? स्टँडसमोरच्या गाड्यावर एक अंडं पंधरा रुपयांना, आणि संध्याकाळी तिथे मुलींना उभं राहणं नको वाटतं. मटकी ओल्या फडक्यात बांधून खिडकीला टांगायचो. थंडीत तीन-तीन दिवस मोड यायचे नाहीत, आणि एकदा तर माकडाने गाठोडंच नेलं. अशा ठिकाणी पाण्यात ढवळून पिता येणारी वस्तू म्हणजे चैन नसते. म्हणून डबा घेणाऱ्या मैत्रिणींना मी कधी हसले नाही.

मी स्वतः घेतला नाही, पैसे नव्हते. भिजवलेले हरभरे, शेंगदाण्याचा लाडू आणि घरून आलेलं सातूचं पीठ. पण खरा फरक कशाने पडला सांगू? माझं हिमोग्लोबिन ९ निघालं होतं. सरकारी दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या मिळाल्या, जेवणावर लगेच चहा बंद केला, ताटात लिंबू घेतलं. तीन महिन्यांत पाय हलके झाले. तोपर्यंत सगळे म्हणत होते, 'तुला प्रोटीन कमी पडतंय.' भरतीच्या मुलींनी आधी रक्त तपासावं, डबा नंतर.

ताटवाटी

ताईंना +१०००. मी आहारतज्ज्ञ आहे, पण या धाग्यावर त्यांच्याइतकं नेमकं कुणी लिहिलं नाही.

थोडी भर. डाळीचं प्रोटीन 'हलकं' म्हणून जी हेटाळणी चालते ती अर्धवट आहे. प्रोटीन ज्या घटकांचं (अमिनो आम्लांचं) बनतं त्यांपैकी धान्यात लायसिन कमी, डाळीत मेथिओनिन कमी. भाकरी-आमटी किंवा भात-वरण एकत्र आलं की एकाची उणीव दुसरं भरून काढतं. दोन्ही एकाच घासात असायलाही हवं असं नाही, दिवसभरात आलं तरी चालतं. अडचण प्रमाणाची आहे. आपलं ताट भाताचं असतं आणि वरण चवीपुरतं.

लोखंडवाल्यांसारख्या वजनदार आणि अंडंही न खाणाऱ्या माणसाला एक स्कूप सोयीचा पडेल, त्यात गैर काही नाही. पण पैशाचा विचार करायचा असेल तर सोयाबीनच्या वड्या बघा : शंभर ग्रॅममध्ये पन्नासच्या वर प्रोटीन, दीडशे रुपये किलोच्या आसपास. चवीबद्दल मात्र मला विचारू नका.

गंगाकाठचा पैलवान

सोयाबीन आमी ढोरास्नी घालतो.

ताटवाटी

म्हणूनच ढोरं तगडी आहेत पैलवान.

चेस्ट नंबर ४१२

काका, एक विचारायचं राहिलं. पुतण्या डबा कुठून घेणार होता? दुकानातून की अकॅडमीतल्या सरांकडून?

बांधावरून

ताई, तुम्ही विचारल्यावर त्याला फोन केला. सरांकडून. पक्कं बिल नाही, डब्यावरचं सील आधीच उघडलेलं, कारण 'सर दोन-दोन पोरांत वाटून देतात'. परवाना क्रमांक वाच म्हटलं तर स्टिकरवर स्टिकर चिकटवलेलं. तिथेच विषय संपला.

खोलीचं मात्र तुम्ही म्हणालात ते खरं, माझ्या हिशोबात फ्रिज धरलाच नव्हता. खानावळवाल्या मावशींशी बोललो. रोज दोन उकडलेली अंडी, वाटीभर घट्ट उसळ आणि रात्री ग्लासभर दूध, महिन्याला अकराशे रुपये वरचे. त्या म्हणाल्या, आणखी सहा पोरांनी सांगितलं तर हजारात करते. रक्त तपासायलाही शनिवारी पाठवतोय.

लोखंडवाला

चांगलं केलंत. सुटं डब्यातलं कुणीच घेऊ नये, माझ्याकडूनही नाही.

तरी लिहून ठेवतो : भरती झाल्यावर तो ड्युटीवर बारा-बारा तास उभा राहील, खानावळ बंद झालेली असेल, तेव्हा बॅगेत एक सीलबंद डबा असू द्या. त्या वेळी हा धागा वर काढू.

बांधावरून

आधी १६०० मीटर तर निघू द्या. सध्या ५ मिनिटं ५२ सेकंद आहे.